हायब्रिड गाडी, नागपूरचे ऊन आणि ॲव्हरेजचा हिशेब

शोरूमच्या माहितीपत्रकावर २७.९७ लिहिलेले असते. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये बाजारात आल्या तेव्हा दोघींच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी लिटरमागे एवढे किलोमीटर जाहीर झाले होते. इनोव्हा हायक्रॉससाठी २३.२४. प्रताप नगरातल्या घरासमोर गाडी येते, नारळ फुटतो, थंडीचे महिने बरे जातात आणि एप्रिल लागला की स्क्रीनवरचा आकडा घसरू लागतो. मे महिन्यात तो सतरा-अठरावर आला की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, "काय हो, हायब्रिड आहे ना? मग एवढंच ॲव्हरेज?"

बहुतेक वेळा गाडीत काही बिघाड नसतो. कंपनीनेही खोटे सांगितलेले नसते. तो आकडा ज्या परिस्थितीत मोजला, ती परिस्थिती आपल्याकडे वर्षातून दोन-तीन महिनेच असते. गाड्यांची ही चाचणी प्रयोगशाळेत होते; पुण्यातली एआरएआय ही त्यासाठीची आपली ओळखीची संस्था. गाडीची चाके रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने सुमारे वीस मिनिटे ती पळवतात, थांबवतात, पुन्हा पळवतात. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद असतो आणि खोलीचे तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान राखलेले असते. आता नवतपा आठवा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दर वर्षी जात नाही, पण चव्वेचाळीस-पंचेचाळीस आपल्याला नवे नाहीत. म्हणून माहितीपत्रकातला आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा, महिन्याचे बजेट मांडायला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. गाडीच्या मागे 'हायब्रिड' लिहिले म्हणजे ती या लेखातली हायब्रिड असेलच असे नाही. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा माइल्ड हायब्रिड गाडीत छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, पण गाडी एकटी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतःच्या जोरावर गाडी चालवते आणि इंजिन पूर्ण बंद होते. ग्रँड व्हिटाराचेच घ्या. तिच्या मॅन्युअल गिअरच्या स्मार्ट हायब्रिडसाठी कंपनीचा आकडा २१.११ होता, म्हणजे स्ट्राँगपेक्षा जवळजवळ सात किलोमीटर कमी. जुनी किंवा नवी, कोणतीही हायब्रिड घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: इंजिन बंद असताना ही चालते का?

बॅटरीतली वीज फुकट नाही

आपल्याकडे मिळणाऱ्या या गाड्यांना चार्जिंगची वायर लागत नाही. याचा सरळ अर्थ असा की बॅटरीत जी काही वीज आहे ती शेवटी पेट्रोल पंपावरच विकत घेतलेली आहे. ब्रेक मारताना जी वीज परत मिळते, तिच्यासाठीही आधी पेट्रोल जाळूनच गाडीने वेग घेतलेला असतो. हे एकदा मनात पक्के बसले की पुढचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

मग फायदा होतो कुठे? इंजिन ज्या वेगाने आणि ज्या भारावर चांगले चालते, तिथे त्याला चालवायचे आणि बाकीच्या वेळी झोपवायचे, एवढाच हायब्रिडचा डाव आहे. या गाड्यांची इंजिने ॲटकिन्सन पद्धतीची असतात. ती पेट्रोल कमी पितात, पण कमी वेगात त्यांना जोर कमी असतो. ती कसर मोटर भरून काढते. साधी पेट्रोल गाडी सिग्नलवर, रांगेत, सरकत्या ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू ठेवून तेल जाळते. हायब्रिड तेव्हा गप्प असते. थोडक्यात, तुमच्या गाडीचे ॲव्हरेज म्हणजे इंजिन किती वेळ बंद राहिले आणि चालू असताना किती कामाचे चालले, याचा हिशेब. खाली जे जे घटक येतात ते सगळे या दोन वाटांनीच आकडा खाली ओढतात.

एसी तासावर खातो

नागपुरातल्या हायब्रिडचा सगळ्यात मोठा खर्च एसी आहे. टायर, ऑइल, चालवण्याची पद्धत ही मंडळी त्याच्या मागे उभी.

हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येते. ग्राहकाला ही सोय आवडते, पण ती वीज त्या छोट्या बॅटरीतून जाते. हायरायडर-व्हिटाराची बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची आहे आणि बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून गाडी तिचा मधला भागच वापरते. माटे चौक, लक्ष्मीनगरचा आठ रस्ता चौक असे करत सीताबर्डी गाठेपर्यंत दुपारी एसी जोरात असेल, तर बॅटरी उतरते आणि सिग्नलवर उभ्या गाडीतही इंजिन सुरू होते. "उभ्या उभ्या इंजिन का चालू झालं?" याचे उत्तर तेच. ते एसीसाठी वीज बनवत असते.

हिशेब मांडून पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन, जनरेटर, बॅटरी यांतली गळती वजा जाता त्यातली साधारण तीस टक्के, म्हणजे पावणेतीन युनिट वीज म्हणून हाती लागते असे धरा. समजा शहरात तासाभरात २० किलोमीटर झाले आणि एसी नसता तर गाडीने २५ चे ॲव्हरेज दिले असते. म्हणजे ८०० मिलिलिटर पेट्रोल. आता एसीने त्या तासात सरासरी एक युनिट खाल्ले, तर वरून साधारण ३७० मिलिलिटर गेले. २५ चे झाले १७. गाडी तीच, चालवणारा तोच.

याच एसीने ताशी ८० च्या वेगात तेच २० किलोमीटर कापताना पाव युनिटच खाल्ले असते, कारण वेळ पंधरा मिनिटे लागला. एसी किलोमीटर मोजत नाही, घड्याळ पाहतो. त्यामुळे उन्हाळ्यात सरकत्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिडची टक्केवारी साध्या गाडीपेक्षाही जास्त घसरलेली दिसते. साध्या गाडीचे ॲव्हरेज तिथे मुळातच कमी असते, म्हणून घसरण डोळ्यांत भरत नाही.

एसी लावू नका असा सल्ला नागपुरात मे महिन्यात कोणी देऊ नये, आणि मीही देणार नाही. पण पहिली दहा मिनिटे हातात आहेत. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान साठीच्या पुढे जाते आणि कॉम्प्रेसर सर्वात जास्त वीज तेव्हाच ओढतो. चारही दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या. पहिले दोन-तीनशे मीटर काचा खाली ठेवून चालवा. मग काचा वर, आतलीच हवा फिरवायचे बटण चालू आणि तापमान २४-२५. 'लो'वर ठेवून पंखा कमी करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. पार्किंगला समोरच्या काचेवर चंदेरी पडदा लावा. आणि कडुनिंबाची सावली मिळत असेल तर ऑफिसच्या दारापासून शंभर पावले लांब गाडी लावायला काय हरकत आहे? प्रताप नगर, त्रिमूर्तीनगर भागात अजून रस्त्याकडेला झाडे शिल्लक आहेत, तोवर त्यांचा उपयोग करून घ्यावा.

या सावलीचा दुसरा फायदा बॅटरीला होतो. हायब्रिडची बॅटरी माणसासारखीच, वीस ते चाळीस अंशांत खूश. फार तापली की गाडीचा संगणक तिला आत घेणे आणि बाहेर देणे दोन्ही कमी करतो. म्हणजे ब्रेकमधून मिळणारी वीज कमी, मोटरची मदत कमी, इंजिन जास्त वेळ चालू. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरीला गार ठेवायला केबिनमधलीच हवा ओढली जाते. त्यासाठी सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये शोधा आणि एकदा वाकून बघा. शाळेचे दप्तर, चादर, उशी, मागच्या दिवाळीत फराळाच्या डब्यांची राहून गेलेली पिशवी, यांपैकी काही तरी तिथे अडकलेले सापडण्याची शक्यता बरीच आहे. जाळीमागे फिल्टर असेल तर सर्व्हिसिंगला तो साफ करायला आठवणीने सांगा. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांची आणि इतर खोदकामे कधी संपत नाहीत, त्यामुळे धुळीला तोटा नाही. कुत्रा गाडीत बसत असेल तर केसांनी हा फिल्टर आणखी लवकर भरतो.

खामल्याची भाजी

दीड किलोमीटरवर खामल्याच्या बाजारात जायचे, भाजी घ्यायची, परत यायचे. संध्याकाळी पुन्हा क्लासला मुलीला सोडायचे. अशा फेऱ्यांत हायब्रिडचे ॲव्हरेज सर्वात वाईट येते आणि लोकांना नेमका याचाच अचंबा वाटतो, कारण "छोट्या अंतराला तर बॅटरीवरच चालत असेल ना?"

नाही चालत. इंजिन थंड असेल तर गाडी सुरू केल्यावर ते काही सेकंदांत किंवा पहिल्या वळणाच्या आत आपोआप सुरू होते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याला आणि इंजिनाला गरम करणे भाग असते. हा खर्च प्रत्येक थंड सुरुवातीला एकदा द्यावाच लागतो. वीस किलोमीटरच्या प्रवासात तो विरघळून जातो, दीड किलोमीटरच्या फेरीत तोच मुख्य खर्च होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हा वेळ वाढतो. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. अशा सकाळी इंजिन बराच वेळ बंद व्हायचे नाव घेत नाही. थंडीत काचेवर गरम हवा सोडायचा मोह आवरा, कारण ती गरमी इंजिनाच्या पाण्यातून येते आणि तेवढ्यासाठी इंजिन चालू राहते. अंगात स्वेटर असतोच.

उपाय साधा आहे. कामे एकत्र करा. बँक, भाजी, औषधे, क्लास अशी एकच फेरी काढा आणि सर्वात लांबचे ठिकाण आधी गाठा. इंजिन एकदा नीट गरम झाले की पुढच्या छोट्या थांब्यांना ते पुन्हा पुन्हा तापवावे लागत नाही. आणि खामला जर खरोखर दीड किलोमीटरवर असेल तर पायी जा, किंवा घरातली स्कूटर काढा. सीताबर्डीला एकटेच जायचे असेल तर २०२० पासून सुभाष नगर स्टेशनावरून मेट्रोही धावते आहे. तिथे पार्किंग शोधत फिरण्यात जे पेट्रोल जाते ते कोणत्याच ॲव्हरेजमध्ये बसत नाही.

ऋतूंचा विचार केला तर नागपुरात नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध हे हायब्रिडचे खरे सुगीचे दिवस. एसीची गरज नाही, इंजिनही लवकर तापते. पावसाळ्यात ओल्या रस्त्याचा विरोध, दिवे, वायपर, काचेवरची वाफ घालवायला एसी असे थोडे थोडे जाते. त्यावर फार करण्यासारखे काही नाही.

ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि 'एन'

साधी गाडी ब्रेक मारताना सगळा वेग उष्णतेत घालवते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी फिरून जनरेटर होते आणि त्यातला काही भाग बॅटरीत परत टाकते. किती? माणसांसकट दीड टनाची गाडी ताशी ५० ने चालली असेल, तर तिच्या वेगात सुमारे १४५ किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढा वेग घ्यायला अंदाजे १२-१३ मिलिलिटर पेट्रोल लागते, औषधाच्या अडीच चमच्यांएवढे. ब्रेक हलका आणि लांबून मारला तर यातला बराच भाग परत मिळतो. शेवटच्या क्षणी जोरात दाबला तर चाकांचे साधे ब्रेक कामाला लागतात आणि ऊर्जा तापून उडून जाते. म्हणून सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय लांबूनच काढा, मग ब्रेक हलका ठेवा. मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

पण इथे एक गैरसमज पसरलेला आहे: हायब्रिडला जितका जास्त ट्रॅफिक तितके चांगले, कारण ब्रेकमधून चार्जिंग होते. दिलेले सगळे कधीच परत मिळत नाही. ट्रॅफिकमध्ये हायब्रिडचे नुकसान साध्या गाडीपेक्षा कमी होते, एवढेच. विमानतळाकडे जाताना वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावरून ४५-५० च्या एकसारख्या वेगाने गेलात, तर खालच्या रस्त्यावरच्या सिग्नलांमधून जाण्यापेक्षा ॲव्हरेज चांगलेच येईल.

ॲक्सिलरेटरच्या बाबतीतही अति काळजी उलटते. काही जण इंजिन सुरू होऊ नये म्हणून गाडी मुंगीच्या पावलाने पुढे नेतात आणि ईव्ही मोडचे बटण दाबून ठेवतात. बॅटरी संपते, मग इंजिनाला तीच वीज पुन्हा तयार करावी लागते आणि वाटेत दोनदा गळती होते: एकदा भरताना, एकदा वापरताना. त्यापेक्षा मीटरवरचा काटा पाहा. टोयोटाच्या हायब्रिड मीटरवर चार्ज, इको आणि पॉवर असे तीन भाग असतात. वेग घेताना काटा इकोच्या वरच्या टोकाजवळ ठेवून सरळ ४०-४५ पर्यंत जा. इंजिन तेव्हा त्याच्या चांगल्या पट्ट्यात चालते. मग पाय हलका करा, इंजिन बंद होईल आणि गाडी मोटरवर सरकत राहील. रिकाम्या रिंग रोडवर रविवारी सकाळी हे करून बघा. इंजिन बंद होण्याचा तो क्षण पायाला चार-पाच वेळांत कळू लागतो.

'एन' म्हणजे न्यूट्रलचेही सांगितले पाहिजे. जुन्या गाडीची सवय असलेली मंडळी सिग्नलवर किंवा उतारावर न्यूट्रल करतात. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही, इंजिन चालू असले तरीही. उतारावर न्यूट्रल केलात तर फुकट मिळणारी वीज सोडून देता, शिवाय ते धोक्याचे आहे ते वेगळेच. सिग्नलवर 'डी'मध्येच ब्रेकवर पाय ठेवा.

घाटाचे गणित मजेशीर आहे. नागपूर सपाट, त्यामुळे आपल्याला रोज तो प्रश्न येत नाही, पण चिखलदऱ्याला जाऊन परत परतवाड्यात उतरलात तर उंचीत सुमारे ७०० मीटरचा फरक पडतो. दीड टनाच्या गाडीसाठी ही जवळजवळ २.८ युनिट ऊर्जा झाली. हवा आणि टायर यांत बरीच गेली तरी उरलेली त्या ०.७६ युनिटच्या बॅटरीत मावत नाही. अर्ध्या घाटातच बॅटरी भरते आणि पुढे ब्रेकमधून काही मिळत नाही. तेव्हा 'बी' मोड असेल तर तो लावा, म्हणजे इंजिनाचा अडसर मिळेल आणि ब्रेक तापणार नाहीत. सपाटीवर मात्र 'बी' लावून फिरू नका, ॲव्हरेज घटते.

समृद्धीवरचा १२०

शहराबाहेर पडलो की चित्र उलटे होते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. प्रताप नगरातून निघून शिवमडक्याला चढलो की कारसाठी मर्यादा १२० ची. रस्ता मोकळा, पाय आपोआप खाली जातो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात तर विरोध पावणेदोन पट होतो. या वेगात इंजिन सतत चालू राहते, ब्रेक क्वचित लागतो, म्हणजे हायब्रिडची दोन्ही हत्यारे म्यान. उरते ते फक्त एक चांगले पेट्रोल इंजिन आणि त्याच्या सोबत बॅटरी-मोटरचे वजन. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये शहरात बहुधा मोटरच चाके फिरवते आणि हायवेच्या वेगात क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते, पण हवेपुढे तिचेही काही चालत नाही. ४०० किलोमीटरच्या पल्ल्याला १२० ने तीन तास वीस मिनिटे, १०० ने चार तास. चाळीस मिनिटे वाचवायला किती पेट्रोल द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते उन्हाळ्यात १०० च्या आसपास राहणे टायरच्या दृष्टीनेही शहाणपणाचे.

लग्नसराईत टपावर कॅरिअर लावून सामान बांधले जाते आणि पुढचे वर्षभर रिकामे कॅरिअर तसेच राहते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार टपावरची मोठी पेटी हायवेवर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज खाते, वेग आणखी वाढला तर २५ टक्क्यांपर्यंत. डिकीतल्या ४५ किलो वजनाने मात्र एकच टक्का जातो. तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांसाठी नेलेली संत्र्यांची पेटी डिकीत बिनधास्त ठेवा, टपावर नको.

टायरमधल्या हवेबद्दल सगळे सांगतात, पण कधी भरायची ते कोणी सांगत नाही. तापमान दहा अंशांनी बदलले की दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. दुपारी तीन वाजता डांबर तापलेले, गाडी दहा किलोमीटर पळून आलेली, आणि तुम्ही पंपावर "तेहतीस करा" म्हणता. टायर गरम असल्याने गेज सदतीस दाखवतो, पोरगा इमाने इतबारे चार काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये एकोणतीसच उरलेली असते. हवा सकाळी, दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासावी. दर पीएसआयमागे नुकसान ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फार मोठे नाही. पण कमी हवेचा टायर समृद्धीवर जो धोका देतो त्याची किंमत टक्क्यांत मोजता येत नाही. ॲव्हरेजला खरा फटका बसतो टायर बदलताना. कंपनीने दिलेले टायर रस्त्याला कमी विरोध करणारे असतात. ते झिजल्यावर "रुबाबदार दिसेल" म्हणून रुंद टायर आणि जड अलॉय घातले की गाडी जन्मभर तो कर भरते.

ऑइलबाबतही असेच. "नागपूरचं ऊन आहे, जाड ऑइल टाका" असा सल्ला चौकाचौकांत मिळतो. हायब्रिडचे इंजिन वारंवार बंद-चालू होते, त्याला मॅन्युअलमध्ये लिहिलेले पातळ ऑइलच हवे. सल्ला देणाऱ्याला नमस्कार करावा आणि मॅन्युअल उघडावे.

पेट्रोलमधले इथेनॉल

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते. २०२५ पासून पंपावर सर्रास वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटेल आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्यांचे १ ते २ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. जुनी हायब्रिड विकत घेत असाल तर ती ई-२० साठी बनलेली आहे का हे नक्की पाहा. आपले खासदार नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिड इनोव्हाचा नमुना सादर केला, त्यामागचा विचार असा की इथेनॉलमुळे घटलेले ॲव्हरेज हायब्रिडमुळे भरून निघावे. कल्पना ठीक आहे. पण आजच्या तुमच्या गाडीत पंपावर मिळते तेच पडणार, आणि त्याचा हिशेब धरूनच अपेक्षा ठेवायला हवी.

अपेक्षा ठेवायची तर मोजायलाही नीट हवे. स्क्रीनवरचा आकडा बरेचदा थोडा गोड असतो. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या आणि मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशीच करा. ऋतू तोच, रस्ते तेच आणि तरीही आकडा अचानक पडला असेल, तेव्हाच सर्व्हिस सेंटर गाठा. चाक जड फिरते का, ब्रेक चिकटतो का, बॅटरीचा पंखा सतत जोरात वाजतो का, हे विचारा. टोयोटा आणि मारुती दोघीही हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, त्यामुळे बॅटरीच्या भीतीने कोणी बाहेरच्या गॅरेजमध्ये काही उघडायला देऊ नये.

अजून गाडी घ्यायचीच असेल, तर शेवटचा हिशेब घरीच करा. समजा साधी गाडी तुमच्या वापरात १५ देते आणि हायब्रिड २२. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवलेत तर २१२ लिटर वाचतील. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे बावीस हजार रुपये. हायब्रिडसाठी दोन लाख जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला नऊ वर्षे लागतील. तेच बुटीबोरीला रोज ये-जा करून वर्षाला २०,००० किलोमीटर होत असतील तर साडेचार वर्षे. ज्यांची गाडी खामला, त्रिमूर्तीनगर आणि आठवड्यातून एकदा सीताबर्डी एवढ्यातच फिरते, त्यांनी केवळ पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेऊ नये. गाडी शांत चालते, ऑटोमॅटिक आहे, आवडली म्हणून घेतली, तर जरूर घ्यावी.